सीएमएमवर बारीक, नाजूक स्टायलस वापरताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीएमएम म्हणजे जॉबला टच करून त्याची मापं घेणारं कोऑर्डिनेट मेजरिंग मशीन, आणि स्टायलस म्हणजे त्याच्या प्रोबला लावलेली, टोकाला बॉल असलेली काडी. चाकण, भोसरी, नाशिक, सातारा, कुठल्याही क्वालिटी रूममध्ये गेलात तरी एका ड्रॉवरमध्ये तुटक्या स्टायलसची डबी सापडते. त्या डबीभोवतीच हे सगळे प्रश्न फिरतात. उत्तरं टच-ट्रिगर प्रोब (बॉल टेकला की सिग्नल, म्हणजे ट्रिगर, देणारा) डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत, कारण आपल्याकडच्या बहुतेक मशीनवर तोच असतो. स्कॅनिंगचं (बॉल पृष्ठभागावर सतत फिरवत मोजण्याचं) काही वेगळं असेल तिथे तसं सांगितलं आहे.

बारीक म्हणजे नेमका किती?

बॉल १ मिमीच्या खाली गेला की स्टायलस बारीक समजायचा. नेहमीच्या कॅटलॉगमध्ये एम२ आट्याचे १, ०.७, ०.५ आणि ०.३ मिमी बॉलचे स्टायलस मिळतात. ०.३ च्या बॉलला स्टेम साधारण ०.२ मिमीचा असतो. एकूण लांबी १० मिमी लिहिलेली असली तरी तो बारीक स्टेम बहुधा २ मिमीच्या आसपासच असतो, वरचा भाग जाड. होलमध्ये किती खोल जाता येईल ते या बारीक भागावर ठरतं. म्हणून ऑर्डर देताना एकूण लांबीऐवजी इफेक्टिव्ह वर्किंग लेंग्थचा रकाना वाचा. हा रकाना न वाचता मागवलेले स्टायलस बऱ्याच ड्रॉवरमध्ये कोरे करकरीत पडून असतात.

आम्हाला एवढा बारीक खरंच लागतो का?

निम्म्या वेळा लागत नाही. ३ मिमीच्या होलला १.५ किंवा २ मिमीचा बॉल छान चालतो, पण मागच्या जॉबचा ०.५ चा स्टायलस लावलेला असतो, म्हणून त्यानेच मोजून टाकतात. साधा नियम धरा: होलमध्ये सुखाने जाईल आणि अप्रोचला (टचआधी हळू पुढे जायच्या अंतराला) जागा ठेवेल असा सगळ्यांत मोठा बॉल, आणि जमेल तेवढी कमी लांबी.

बारीक बॉल खरोखर लागतो तो व्हॉल्व्ह बॉडीतल्या ०.८ मिमीच्या क्रॉस होलला, अरुंद ग्रूव्हला, आतल्या कोपऱ्याच्या छोट्या रेडिअसला आणि बारीक मॉड्यूलच्या, म्हणजे छोट्या दातांच्या, गिअरला. ०.५ मॉड्यूलच्या गिअरमध्ये पिच सर्कलवर दोन दातांमधली फट ०.७८५ मिमी असते आणि मुळाकडे ती आणखी आवळत जाते. तिथे १ मिमीचा बॉल शिरणारच नाही.

किती जोर लागला की तो तुटतो?

०.२ मिमीचा कार्बाइड स्टेम, मोकळी लांबी २ मिमी. कार्बाइडची वाकताना तुटण्याची ताकद २००० ते ३००० मेगापास्कल धरली, तर टोकाला आडवा ०.८ ते १.२ न्यूटन जोर पुरतो. म्हणजे ढोबळमानाने शंभर ग्रॅम वजनाचा दाब. जॉयस्टिकवर अंगठा जरा जास्त टेकला तर मशीन याच्या कैकपट जोर लावतं. शिवाय कार्बाइड आधी कायमचा वाकून इशारा देत नाही, थेट तुटतो. हे गणित अखंड स्टेमचं आहे. बॉल चिकटवलेला असतो आणि तो जोड त्याआधीच सुटू शकतो.

मग रोजच्या टचला काहीच होत नाही का?

तुटत नाही, पण वाकतो, आणि बारीक स्टायलसचा खरा त्रास तोच आहे. तुटलेला स्टायलस लगेच कळतो. वाकणारा स्टायलस रोज रिपोर्ट देत राहतो आणि रिपोर्ट हिरवा असतो.

वरचाच स्टेम घ्या. टीपी२० या रेनिशॉच्या टच-ट्रिगर प्रोबला स्टायलस धरणारं मॉड्यूल बदलता येतं. त्याच्या स्टँडर्ड फोर्स मॉड्यूलचा आडवा ट्रिगर फोर्स, म्हणजे ट्रिगर व्हायला लागणारा जोर, ०.०८ न्यूटन आहे. कार्बाइडचा ई (ताठपणाचा आकडा, यंग्ज मॉड्यूलस) ६०० गिगापास्कल धरून कँटिलिव्हरच्या (एका टोकाला धरलेल्या दांडीच्या) सूत्रात टाकला, तर टोक सुमारे ४.५ मायक्रॉन वाकतं. लांबी दुप्पट, म्हणजे ४ मिमी केली की वाक आठपट होतो, जवळजवळ ३६ मायक्रॉन. उलट २ मिमी लांबीतच स्टेम ०.२ ऐवजी ०.३ चा घेतला, तर ४.५ चे ०.९ मायक्रॉनवर येतात. लांबीचा घन आणि जाडीचा चौथा घात, हे दोन आकडे बारीक स्टायलस वापरणाऱ्याने भिंतीवर लिहून ठेवावेत. ‘जरा लांबचा मागवू, सगळीकडे चालेल’ असं ज्याला वाटतं त्याला ते दाखवायला बरे पडतात.

पण आपण कॅलिब्रेशन करतो. त्यात हा वाक धरला जातो ना?

धरला जातो, एका अटीवर: कॅलिब्रेशनच्या वेळी वाकला तसाच तो मोजतानाही वाकला पाहिजे. रेफरन्स बॉलला (माप माहीत असलेल्या गोळ्याला) टच करून सॉफ्टवेअर स्टायलस बॉलचा प्रत्यक्ष व्यास काढत नाही, इफेक्टिव्ह व्यास काढतं. त्यात ट्रिगर होईपर्यंतची हालचाल आणि वाक दोन्ही मिसळलेले असतात. म्हणूनच ०.५ चा बॉल कॅलिब्रेशननंतर ०.४९ च्या आसपास दिसला तर घाबरू नका. तो आकडा रोज थोडा थोडा हलत असेल तर मात्र घाबरा.

टच स्पीड बदलला, मॉड्यूल बदललं, अप्रोच अंतर इतकं कमी झालं की मशीनला ठरलेला स्पीड गाठताच आला नाही, तर ही अट मोडते. कॅलिब्रेशन ३ मिमी प्रति सेकंदाने केलं आणि प्रोग्राम १ ने चालवला, असं सर्रास चालतं. मोठ्या स्टायलसला ते खपून जातं.

दुसरी गोष्ट दिशेची. टीपी२० सारख्या प्रोबमध्ये आत तीन टेकू असतात. त्यामुळे ट्रिगरचा जोर चारी बाजूंनी सारखा नसतो, तीन दिशांना कमी आणि मधल्या तीन दिशांना जास्त. बारीक स्टायलसच्या राउंडनेस ग्राफमध्ये तीन पाकळ्या दिसल्या तर मशीनिंगवाल्याशी भांडण्याआधी रेफरन्स बॉल किंवा रिंग गेज (आतला व्यास माहीत असलेली कडी) त्याच स्टायलसने मोजून पाहा. तिथेही त्याच जागी पाकळ्या आल्या, तर दोष जॉबचा नाही. याच कारणाने बारीक होल १२० अंशांवरच्या तीनच पॉइंटमध्ये मोजू नका. तिन्ही पॉइंट एकाच प्रकारच्या दिशेला पडतात आणि सगळी चूक व्यासात उतरते. निदान सात-आठ पॉइंट घ्या.

टीपी२० वर कोणतं मॉड्यूल लावावं?

बारीक स्टायलसला लो फोर्स. आडवा फोर्स ०.०५५ न्यूटन, म्हणजे स्टँडर्डपेक्षा तीसेक टक्के कमी, आणि वाकही त्याच प्रमाणात कमी. मात्र हे आकडे ठरावीक लांबीच्या स्टायलससाठी दिलेले असतात हे विसरू नका. मीडियम आणि एक्स्टेंडेड फोर्सची मॉड्यूल लांब, जड स्टायलससाठी आहेत. मॉड्यूल बदलायला वेळ नाही म्हणून एक्स्टेंडेड फोर्सवर ०.३ चा स्टायलस लावणं म्हणजे पैसे फेकणं.

लो फोर्सला एक खोड आहे. मशीन जोरात निघालं किंवा बाजूला प्रेस ठोकत असेल, तर हवेतच ट्रिगर होतो. असं झालं की लोक मॉड्यूल बदलतात. त्याऐवजी मूव्ह स्पीड आणि ॲक्सिलरेशन कमी करून पाहावं.

तुमच्याकडे टीपी२०० असेल तर प्रश्न बराच सुटतो. त्यात स्ट्रेन गेज (ताण ओळखणारा सेन्सर) असल्याने ट्रिगर फोर्स आडवा ०.०२ न्यूटनच आहे आणि तीन पाकळ्यांचा त्रासही बराच कमी.

झेडमध्ये, म्हणजे वरून खाली, टच केला तर चालेल का?

सपाट तळाला चालेल. टीपी२० चा झेडमधला फोर्स आडव्याच्या जवळजवळ दहापट असतो, स्टँडर्ड मॉड्यूलला ०.७५ न्यूटन. स्टेम सरळ उभा असताना तो हे सहज सोसतो. पण ड्रिलने पाडलेल्या होलचा तळ सपाट नसतो, ११८ अंशांचा कोन असतो. त्यावर वरून टेकलेला बॉल बाजूला घसरतो आणि आडवा जोर स्टेमवर येतो. ड्रिल होलची खोली बारीक स्टायलसने मोजू नका. डेप्थ गेज पिन त्यासाठीच आहे.

कॅलिब्रेशन करताना बारीक स्टायलससाठी वेगळं काय करायचं?

आधी स्वच्छता. रेफरन्स बॉल आणि स्टायलस बॉल, दोन्ही पुसा. ०.३ मिमीच्या बॉलवर बसलेला दहा मायक्रॉनचा कण तुमचा अख्खा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) खाऊन टाकू शकतो.

दुसरं, रेफरन्स बॉलच्या मध्यरेषेखाली जाऊ नका. ०.३ चा बॉल आणि ०.२ चा स्टेम यांच्यात एका बाजूला फक्त ०.०५ मिमीचं अंतर असतं. २५ मिमीच्या रेफरन्स बॉलवर मध्यरेषेच्या जेमतेम पाच अंश खाली गेलात की बॉलच्या आधी स्टेम टेकतो. सॉफ्टवेअरला बॉल टेकला की स्टेम, हे कळत नाही. त्याला ट्रिगर मिळाला, पॉइंट घेतला. नेहमीच्या प्रोग्राममध्ये सगळ्यांत खालची रांग मध्यरेषेच्या खाली ठेवलेली असेल, तर ती बारीक स्टायलससाठी वर घ्या.

तिसरं, कॅलिब्रेशन एकदा करून थांबू नका, लागोपाठ तीनदा करा आणि व्यास व स्टँडर्ड डेव्हिएशन लिहून ठेवा. तिन्ही वेळा व्यास एक मायक्रॉनच्या आत आला तर पुढे जा. नाही आला तर आटा ढिला आहे, बॉल घाण आहे किंवा जोड सुटायला लागला आहे. बहुतेक वेळा आटाच ढिला निघतो.

शेवटी, त्याच स्टायलसने एक छोटी रिंग गेज मोजून पाहा, शक्यतो जॉबच्या होलच्या जवळपासच्या साइजची. रेफरन्स बॉल बाहेरून मोजला जातो आणि होल आतून. बाहेरच्यावर बरोबर आलेला स्टायलस आतल्यावर चुकताना रिंग गेजच पकडते.

स्पीड आणि अप्रोच किती ठेवावा?

सॉफ्टवेअरमध्ये अप्रोच आणि रिट्रॅक्ट (टचनंतर मागे यायचं अंतर) बहुधा २ ते ५ मिमीवर सेट असतात. आता ०.८ च्या होलमध्ये ०.५ चा बॉल घाला. मध्यावर असताना चारी बाजूंना ०.१५ मिमी जागा उरते. रिट्रॅक्ट २ मिमीवर राहिला, तर एका भिंतीला टच करून मशीन मागे येतं आणि समोरच्या भिंतीवर बॉल आपटतं. बारीक स्टायलस तुटण्याचं सगळ्यांत नेहमीचं कारण हेच. प्रोग्राम वरवर ठीक दिसतो, कारण पहिला टच नीट होतो. तुटतो तो पहिल्या टचनंतर.

अप्रोच आणि रिट्रॅक्ट मोकळ्या जागेच्या निम्म्यावर आणा, म्हणजे वरच्या उदाहरणात ०.०७ ते ०.०८ मिमी. टच स्पीड १ मिमी प्रति सेकंद किंवा त्याहून कमी. ट्रिगर मिळाल्यावर मशीन जागच्या जागी थांबत नाही. थांबेपर्यंत प्रोबची स्प्रिंग दाबली जाते आणि स्टायलसवरचा जोर वाढतच राहतो. स्पीड अर्धा केला की ब्रेकिंगला लागणारं अंतर पाव होतं. एवढ्या कमी अंतरात मशीनला स्पीड पकडता येतो का, हे मशीनवर अवलंबून आहे. म्हणूनच याच अंतराने आणि याच स्पीडने कॅलिब्रेशन करा, मग तक्रार उरत नाही.

‘जॉबला पंधरा मिनिटं जास्त लागतात’ असं प्रॉडक्शनवाले म्हणतील. सगळे टच बारीक स्टायलसने घेऊ नका, म्हणजे लागणार नाहीत. पुढचं उत्तर वाचा.

एकाच प्रोग्राममध्ये दोन स्टायलस वापरावेत का?

जरूर. अलाइनमेंट (जॉब कुठे, कसा बसला आहे ते मशीनला कळवणं) आणि मोठे डेटम (ज्यांच्यापासून मापं धरतात ते पृष्ठभाग) २ किंवा ३ मिमीच्या बॉलने घ्या, मग रॅकवरून बारीक स्टायलस उचला आणि फक्त जिथे तो लागतो ती होल मोजा. बारीक स्टायलसने हाताने जॉयस्टिकवर अलाइनमेंट घेणं हा त्याला मारण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

एक पायरी सहसा गाळली जाते. होल ड्रॉइंगवरच्या जागेपासून ०.१ मिमी सरकलेलं असू शकतं, आणि वर पाहिलं तसं जागा ०.१५ च आहे. म्हणून बारीक स्टायलस आत घालण्याआधी मोठ्या बॉलने होलच्या तोंडाच्या काउंटरसिंकवरून (शंकूसारख्या रुंद खाचेवरून) किंवा कॅमेऱ्याने त्याची खरी जागा काढा आणि लोकल अलाइनमेंट करा. काउंटरसिंक नसेल आणि कॅमेराही नसेल, तर मशीन थांबवत थांबवत, लुपमधून (भिंगातून) बघत कमी स्पीडवर पहिला जॉब उतरवा. बॅच स्थिर असेल तर पुढचे जॉब आपसूक चालतात.

होल तिरकं आहे. हेड फिरवला तरी स्टायलस भिंतीला घासतो. का?

पीएच१० सारखा हेड (प्रोब धरून त्याची दिशा बदलणारा भाग) ७.५ अंशांच्या पायऱ्यांनी फिरतो. होल १० अंशांत असेल तर जवळची पायरी ७.५, म्हणजे अडीच अंशांचा फरक राहतो. ४ मिमी खोलीवर तो ०.१७ मिमीहून जास्त होतो. बॉल अजून मोकळा असतो आणि वर स्टेम भिंतीला टेकलेला असतो. उपाय फिक्श्चरमध्ये (जॉब धरणाऱ्या साच्यात) आहे: जॉबच अडीच अंशांनी कलवून धरा, म्हणजे होल हेडच्या पायरीवर येईल. नकल जॉइंटने (कोन बदलता येणाऱ्या जोडाने) स्टायलस तिरका लावता येतो, पण त्याने लांबी आणि वजन वाढतं. बारीक स्टायलसला दोन्ही नकोत.

स्टेम कार्बाइडचा घ्यावा की स्टीलचा?

कार्बाइडचा. स्टीलचा ई २०० गिगापास्कलच्या आसपास, म्हणजे त्याच जाडीला तिप्पट वाक. सिरॅमिक आणि कार्बन फायबर लांब एक्स्टेन्शनसाठी चांगले. बारीक स्टायलसला खोल पोचायचं असेल, तर जाड एक्स्टेन्शनवर छोटा कार्बाइड स्टायलस लावा. लांब बारीक स्टेम मागवू नका.

बॉल रुबीचाच हवा का?

टच-ट्रिगरला रुबी उत्तम. ती कृत्रिम असते, जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियम ऑक्साइड. ग्रेड ५ च्या बॉलची गोलाई ०.१३ मायक्रॉनच्या आत असते, त्यामुळे तुमची चूक तिथून येत नाही. स्कॅनिंग करताना फरक पडतो. ॲल्युमिनियमवर सतत घासली तर रुबीवर ॲल्युमिनियम चिकटतं, तिथे सिलिकॉन नायट्राइड बरा. कास्ट आयर्नवर झिर्कोनिया.

बॉल निघून गेलाय आणि प्रोग्राम चालूच आहे, हे ओळखायचं कसं?

आकड्यांवरून ओळखता येतं. ०.३ चा बॉल पडून ०.२ चा स्टेम राहिला, तर सॉफ्टवेअर अजूनही ०.३ च मिळवतं. होल एका बाजूपासून दुसरीपर्यंत ०.१ मिमी जास्त प्रवास देतं, म्हणून रिपोर्टमध्ये ०.१ मिमी मोठं दिसतं. बाहेरचं माप, बॉस (वर आलेला गोल उंचवटा) किंवा पिन, तेवढंच लहान दिसतं. सगळी होल एकदम सारख्याच फरकाने मोठी आणि सगळे बॉस सारख्याच फरकाने लहान झाले, तर मशीन शॉपला फोन लावण्याआधी स्टायलस बघा.

बॉल अर्धवट सुटून तिरका झाला तर हे लक्षण मिळत नाही. म्हणून बारीक स्टायलसच्या प्रोग्रामच्या शेवटी रिंग गेजचा किंवा रेफरन्स बॉलचा एक टच घालून ठेवा. एक मिनिट जातं. तो नसेल तर पूर्ण शिफ्टचे जॉब परत मोजायला लागतात, आणि तेही गाडी गेटवर उभी असताना.

स्टायलस होलच्या आत असताना वीज गेली. आता?

मशीनला हात लावू नका. वीज आल्यावर बऱ्याच मशीन आधी होमिंग (अक्ष मूळ जागी नेणं) मागतात आणि त्यात सहसा झेड आधी वर जातो. उभ्या होलमध्ये हे नशिबानेच बरोबर ठरतं. आडव्या होलमध्ये स्टायलस असेल, तर होमिंगचं बटण दाबलं की तो गेलाच. तिथे जॉबच सोडवा: क्लॅम्प हलके सैल करून जॉब होलच्या अक्षाच्या दिशेने मागे काढा, एकाने धरायचं आणि दुसऱ्याने सोडवायचं. फिक्श्चर असं डिझाइन केलेलं असेल की जॉब त्या दिशेला निघतच नाही, तर ते डिझाइन आजच बदला. प्रोग्राम मधेच थांबला आणि वीज चालू असेल, तर जॉयस्टिकचा स्लो मोड लावून, दोन अक्ष लॉक करून, एकाच अक्षात बाहेर या.

मोठ्या बॉलने काढलेला राउंडनेस आणि बारीक बॉलने काढलेला, जुळत का नाही?

दोन्ही बरोबर असू शकतात. मोठा बॉल मशीनिंगच्या बारीक खळग्यांच्या वरून निघून जातो, बारीक बॉल त्यांच्यात उतरतो. बॉलचा व्यास हा एक फिल्टरच आहे. म्हणून बॉलचा साइज रिपोर्टमध्ये लिहा आणि गिऱ्हाइकाशी आधीच ठरवून घ्या. ‘आमच्याकडे ४ येतात, तुमच्याकडे ७’ या वादातले कितीतरी मेल एवढ्या एका ओळीने वाचतात.

जॉबवर टिंब उठतात. असं होऊ शकतं?

मऊ धातूवर होऊ शकतं. ०.३ च्या रुबी बॉलने ॲल्युमिनियमवर ०.०८ न्यूटनने टच केला, तर संपर्काची जागा जेमतेम ०.०१ मिमी व्यासाची असते आणि तिथला सगळ्यांत जास्त दाब हर्ट्झच्या सूत्राने चौदाशे मेगापास्कलच्या घरात जातो. ॲल्युमिनियमच्या नेहमीच्या ग्रेडना हे झेपत नाही, सूक्ष्म खळगा पडतो. पॉलिश केलेल्या किंवा सील बसणाऱ्या पृष्ठभागावर टच पॉइंट कुठे घ्यायचे, हे डिझाइनवाल्याला विचारूनच ठरवा. कडक केलेल्या स्टीलवर हा प्रश्न सहसा येत नाही.

स्टायलस बसवताना आणि साफ करताना काय पाळायचं?

बॉलला बोट लावायचं नाही. स्टायलसच्या जाड भागाला आडवं भोक असतं, त्यात सोबतची पिन घालून हलक्या हाताने आवळा. मॉड्यूल प्रोबवर लावलेलं असताना स्टायलस आवळू नका, पिळवट प्रोबच्या आत जाते. मॉड्यूल काढून टेबलावर, खाली मऊ कापड घालून बसवा.

साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड. कापड बॉलवर ओढू नका, बॉल कापडावर अलगद टेकवा. सॉल्व्हंटमध्ये भिजत ठेवणं टाळा, बॉलचा जोड गोंदाचाच आहे.

जॉबच्या होलचीही सफाई हवी. एअर गनने चिप कधी कधी आणखी आत बसते. मेडिकलच्या दुकानात दातांच्या फटी साफ करायचे छोटे गोल ब्रश मिळतात, ते ०.८-१ मिमीच्या होलला फार उपयोगी पडतात. मात्र साइज बघून घ्या. होलच्या तोंडावर बर (कापताना राहिलेली धारदार कड) असेल तर मोजूच नका, परत पाठवा.

ऑपरेटरकडून तुटला तर पैसे कापावेत का?

नाही. पैसे कापायला लागलात की तुटलेले स्टायलस कळवले जाणार नाहीत, आणि मग बॉल पडलेल्या स्टायलसचे रिपोर्ट गिऱ्हाइकाकडे जातील. त्यापेक्षा तुटल्याची नोंदवही ठेवा: कोणता प्रोग्राम, कोणतं होल, अप्रोच किती होता. दोन-तीन महिन्यांत तीच दोन-चार होल पुन्हा पुन्हा दिसायला लागतील. दुरुस्ती तिथे करायची.

जीआरआर (गेज आर अँड आर, म्हणजे पुन्हा पुन्हा मोजताना मापात पडणारा फरक) ३० टक्क्यांच्या वर येतो. स्टायलस बदलू का?

आधी टॉलरन्स बघा. एआयएजी या अमेरिकी वाहन उद्योगाच्या संघटनेच्या पद्धतीत १० टक्क्यांखाली चांगला आणि ३० च्या वर नापास. पण होलचा टॉलरन्सच १० मायक्रॉन असेल आणि स्टायलस ४ मायक्रॉन वाकत असेल, तर तसाच नवा स्टायलस लावून फार फरक पडणार नाही. लांबी कमी करा, लो फोर्सवर या, पॉइंट वाढवा. तरी जमलं नाही तर त्या होलला एअर गेज किंवा प्लग गेज लावा आणि गिऱ्हाइकाला कारण लिहून कळवा. सीएमएमवर सगळं मोजलंच पाहिजे असा हट्ट नको.

०.३ पेक्षा लहान होल असेल तर?

तुमच्या मशीनवर नको. डिझेल इंजेक्टरच्या नोझलमधली स्प्रे होल ०.१ ते ०.२ मिमीची असतात, तिथे नेहमीचा प्रोब उपयोगाचा नाही. जर्मनीत पीटीबी या राष्ट्रीय मापन संस्थेसोबत वर्थ कंपनीने काचेच्या फायबरचा प्रोब तयार केला. त्याचा बॉल २० मायक्रॉन व्यासापर्यंत मिळतो. तो ट्रिगर होत नाही, कॅमेरा बॉलची जागा बघतो. झाइसचं एफ२५ हे ०.१२ मिमीच्या बॉलने मोजणारं मशीन, पण त्याची मोजायची जागा १०० मिमीच्या घनाएवढीच. आपल्याकडच्या बहुतेकांसाठी रास्त मार्ग म्हणजे कॅमेऱ्याचं व्हिजन मशीन, किंवा होलची सिलिकॉन रेप्लिका काढून ती मोजणं, किंवा जॉब बाहेरच्या लॅबमध्ये सीटी स्कॅनला पाठवणं.

शिल्लक किती ठेवावेत?

प्रत्येक साइजचे निदान दोन, एकाच कंपनीचे आणि एकाच लांबीचे. नवा लावला की कॅलिब्रेशन नव्याने. जुन्याचा इफेक्टिव्ह व्यास नव्याला चालत नाही, पार्ट नंबर तोच असला तरी.